डेप्युटेशनवरचा देव

मी ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला गाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. जॉइनिंग रिपोर्टवर सही केली, कागद पलीकडच्या टेबलावर सरकवला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत चक्क मराठीत म्हणाले, "दोन्ही हात धड आहेत ना?"

मी घाबरून हात पुढे केले.

"वजन उचलता येतं?"

"किती, सर?"

"पाव किलो. पण पाच जणांनी मिळून."

आयुष्यातली पहिली सरकारी नोकरी, दिल्लीतला तिसरा दिवस, आणि सेक्शन ऑफिसर हा असा. शेजारच्या टेबलावरच्या पंजाबी बाई समोसा खाता खाता मला म्हणाल्या, "घबराओ मत, ये सबसे पूछते हैं. मुझसे भी पूछा था. मैंने कहा, सर, मैं तो जालंधर की हूँ. बोले, अच्छा, तो फिर रहने दो."

त्या पाव किलोचा उलगडा मला आठवडाभराने झाला. सर पुरंदर तालुक्यातले, घरात पिढ्यान्‌पिढ्या खंडोबा. चंपाषष्ठीला खंडोबापुढे तळी उचलतात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवायची आणि पाच जणांनी ते ताम्हण धरून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा कपाळापर्यंत न्यायचं. सात जण चालतात, नऊ चालतात, पाचाच्या खाली मात्र चालत नाही. गावाकडे पाच माणसांची काय कथा, अंगणातून हाक मारली की पंधरा येतात. दिल्लीत पाच मराठी माणसं एका ठिकाणी, कामाच्या दिवशी, दुपारी बाराच्या आत जमवायची म्हणजे मंत्र्यांची वेळ मिळवण्याहून कठीण. त्यामुळे सर वर्षभर माणसंच जमवत असायचे. कुठल्याही लग्नात, सत्यनारायणाला, निरोपसमारंभाला गेले की आधी डोकी मोजायचे. 

ऑफिसात ते माझे सर होते आणि ऑफिसाबाहेर काका. त्यांनीच तसं ठरवून दिलं होतं. गेटच्या आत एकदा मी 'काका' म्हटलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढे गेले, आणि गेटबाहेर पाऊल पडल्याबरोबर मागे वळून म्हणाले, "हं, बोल पोरी, काय म्हणत होतीस?"

काकू गावी शेती बघायच्या. काका सरोजिनी नगरच्या जुन्या क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि बाजारातल्या गर्दीला शिव्या देत तिथेच स्वेटर घ्यायचे, दर वर्षी एक, तोच मरून रंग. मी मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायचे. माझं जेवण काय असेल याचा अंदाज बांधून ते सोमवारी डब्यात दोन भाकऱ्या जास्त आणायचे आणि "चुकून जास्त झाल्या" असं दर सोमवारी सांगायचे. 

काकांचा खंडोबा जुन्या दिल्लीत होता. अडीचशे वर्षांपूर्वी मराठ्यांचं घोडदळ दिल्लीत तळ देऊन होतं, त्यातल्या कुणी स्वारांनी बांधलेलं ते देऊळ. फार मोठं नाही. चार झिजलेल्या दगडी पायऱ्या, माणूस वाकून जाईल एवढा दरवाजा, आत घोड्यावर बसलेले देव आणि मागे म्हाळसा. एकेकाळी त्या गल्लीत मराठी घरं होती. ती एकेक करून नव्या कॉलन्यांत निघून गेली. आता आजूबाजूला सगळी मुसलमान वस्ती, बहुतेक घरांत वह्या-पुस्तकांची बांधणी चालते, त्यामुळे गल्लीत पाय ठेवला की खळीचा वास येतो. 

"साहेब सैन्याबरोबर इथे डेप्युटेशनवर आले," काका सांगायचे. साहेब म्हणजे खंडोबा. "सैन्य परत गेलं. साहेबांची रिपॅट्रिएशनची ऑर्डर कुणी काढलीच नाही. तेव्हापासून आहेत बिचारे इथे. क्वार्टर लहान आहे, पण अलॉटमेंट पक्की आहे."

देवाशी त्यांचा सगळा व्यवहार याच भाषेत चालायचा. नवस बोलत नसत, 'प्रस्ताव सादर' करत. एखादी गोष्ट झाली नाही तर म्हणायचे, "साहेबांनी क्वेरी काढलीय. काहीतरी कागद कमी पडला असणार." त्यात थट्टा किती आणि श्रद्धा किती हे मला कधी ओळखता आलं नाही, आणि त्यांनाही वेगळं करता आलं असतं असं वाटत नाही.

आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत ते वांगं खात नसत. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं तोंडात घालायचं नाही, हा घरचा नेम. आमच्या कॅन्टीनला मात्र आलू-बैंगनशिवाय दुसरी भाजी सुचत नसे. एका श्रावणात काकांनी कॅन्टीन कमिटीला रीतसर नोट लिहिली, 'उक्त भाजीत बटाटे व वांगी वेगवेगळी शिजवून ग्राहकाच्या इच्छेनुसार एकत्र करणे शक्य आहे काय.' कमिटीने ती नोट 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठवली. काकांनी चर्चा केली. दोन महिने केली. शेवटी कॅन्टीनवाला त्यांना लांबून येताना बघूनच वेगळ्या पातेल्यात दोन बटाटे टाकायला लागला.

पाचवा माणूस शोधायची त्यांची हक्काची जागा म्हणजे कस्तुरबा गांधी मार्ग. तिथे महाराष्ट्रातून कामं घेऊन आलेली माणसं उतरतात. चंपाषष्ठी जवळ आली की काका दुपारी तिकडे चकरा मारायचे आणि फुटपाथवर कुणी मराठी बोलताना दिसलं की थेट विचारायचे, "कुलदैवत कोणतं आपलं?" एका वर्षी त्यांनी असा एक साखर कारखान्याचा चेअरमन पकडला. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला तो गृहस्थ मंत्रालयातल्या मीटिंगला निघाला होता. काकांनी त्याला मेट्रोत बसवून जुन्या दिल्लीत नेला, तळी उचलायला लावली आणि डोक्यापासून पायापर्यंत पिवळा करून वेळेत मीटिंगला परत पोचवला. त्याचं काम झालं की नाही कळलं नाही. पण पुढे दर दिवाळीला काकांना त्याचा फोन यायचा. 

मी हिशेबात कशी बसते, हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला होता. आमच्या अकोल्याकडे मी फक्त पुरुषांनाच तळी उचलताना पाहिलं होतं.

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मणी-मल्लाशी लढाई झाली तेव्हा म्हाळसा काय घरी बसली होती? घोड्यावर होती मागे. भाला तिच्या हातात होता. आणि तुला पाव किलोचं ताम्हण धरायला संकोच वाटतोय?"

मग मीही पाचांतली एक झाले.

आता खालाबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय काकांचं चित्र अर्धं राहील. देवळाला लागून जे घर आहे ते खालाचं. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, आवाजाने खणखणीत. शेवटचं मराठी घर गल्ली सोडून गेलं तेव्हा गावी जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देतात तशी देवळाची किल्ली तिच्या सासऱ्यांकडे ठेवून गेलं. "दो दिन में आते हैं, बोल के गए थे," खाला सांगायची. "मेरे ससुर चले गए, मियाँ चले गए, वो दो दिन पूरे नहीं हुए." ती गाभाऱ्यात जात नसे. पण पायऱ्या रोज झाडायची, दारातली घागर भरून ठेवायची आणि जाता-येता हात कपाळाला लावायची. तिच्या लेखी ते 'घोड़ेवाले बाबा' होते. जेजुरीत देवाचा घोडा परंपरेने मुसलमान घराण्याकडे असतो, हे काकांनी तिला सांगितल्यापासून तर तिने स्वतःला दिल्ली शाखेची प्रमुखच समजायला सुरुवात केली.

काका तिला आपा म्हणत आणि ती त्यांना मुंशीजी. "आपा, मैं गजेटेड अफ़सर हूँ," असं काकांनी अनेकदा समजावलं. "होंगे," ती म्हणायची, "मुंशीजी, जूते उधर उतारो, अभी झाड़ू दी है."

एका रविवारी काका तापाने फणफणले. दर रविवारची पूजा त्यांनी अठ्ठावीस वर्षं चुकवली नव्हती. मला क्वार्टरवर बोलावलं, पूजा कशी करायची ते चार वेळा सांगितलं आणि हातात बंद लिफाफा दिला. "साहेबांपुढे ठेव."

देवळात पोचल्यावर मी पूजा केली आणि लिफाफा उघडून देवापुढे ठेवला. आत अर्ज होता. 'विषय, दोन दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर करणेबाबत. महोदय, ताप असल्याने सेवेत हजर राहू शकत नाही. माझ्या अनुपस्थितीत कु. अमुक काम पाहतील. त्यांना अनुभव नाही, तरी सांभाळून घ्यावे.' खाली सही, पद, तारीख, सगळं.

आता पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने दारातून खाला म्हणाली, "क्या हुआ बेटी, बाबा कुछ बोल नहीं रहे?"

मी तिला अर्जाचं सांगितलं. तिने हात पुढे केला, मराठी कागद उलटा धरून दोन मिनिटं गंभीरपणे वाचला आणि म्हणाली, "मंज़ूर है. मुंशीजी से कह देना, दो दिन माने दो दिन. इतवार को हाज़िर हों."

मी ते जसंच्या तसं काकांना सांगितलं. काका चादरीतून उठून बसले. "बघ," म्हणाले, "साहेबांनी लगेच मंजूर केली. नाहीतर आपले डेप्युटी सेक्रेटरी."

हे असं मजेत चाललं होतं. मग मराठी मंडळाची ती सभा झाली.

देवळाचे कागद मंडळाकडे आहेत. मंडळाने नोएडात नवी इमारत बांधली होती. हॉल, लिफ्ट, तळघरात पार्किंग, आणि हॉलच्या टोकाला संगमरवरी गाभारा. अध्यक्ष मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, उंच, शिस्तीचे, कमी बोलणारे. त्यांनी ठराव मांडला की जुन्या दिल्लीतले खंडोबा विधिपूर्वक नोएडाला आणावेत आणि जुनी वास्तू बंद करावी.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते, कारण त्या दिवशी मला ते फार वाईट वाटले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "तिथल्या शेजाऱ्यांनी देव सांभाळला, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण आपल्याच देवाला आपली पाच माणसं मिळत नाहीत, आणि तो भार आपण तीन पिढ्या दुसऱ्यांवर टाकलाय. किती दिवस टाकायचा?"

काका उभे राहिले. "ट्रान्सफर करायची तर साहेबांची संमती घेतली का?"

"काका, हे ऑफिस नाही."

"मग पाच माणसं मिळत नाहीत हे कुणी सांगितलं तुम्हाला? दर वर्षी तळी उचलली जाते तिथे."

"कोण उचलतं? तुम्ही, एखादा वाटसरू आणि माणसं कमी पडली की शेजारच्या बाईंची मुलं. बरोबर ना?" अध्यक्षांना सगळं ठाऊक होतं. "ठीक आहे. या चंपाषष्ठीला मी स्वतः येतो. बाराच्या आत मंडळाच्या पाच सभासदांनी तळी उचलली, तर ठराव मागे. नाही उचलली, तर पुढच्या महिन्यात देव नोएडाला. बिल्कुल फेअर आहे ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फेअर होतंच ते.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये काका समोरचा चहा न पिता बसून होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "पोरी," ते म्हणाले, "मूर्ती नेतील. गाभारा नवा मिळेल. पण त्या चार पायऱ्या कशा नेणार? स्वारांच्या, त्यांच्या बायकापोरांच्या पायांनी झिजल्यात त्या. मी मार्चमध्ये रिटायर होतोय. गावी जाण्याआधी त्या दाराला कायमचं कुलूप लागलेलं मला बघवणार नाही गं."  मी त्यांच्यापुढचा गार चहा उचलला आणि दुसरा आणून ठेवला.

खालाला मात्र सगळ्यात जास्त झोंबला तो 'भार'. "बोझ? उनसे कहना, घोड़ेवाले बाबा अपने घोड़े पर बैठे हैं, हमारे सर पर नहीं!"

काका कामाला लागले. मला सभासदाचा फॉर्म भरायला लावला. कॅन्टोन्मेंटमधला एक हवालदार होता, साताऱ्याकडचा, बोलण्यात चारच शब्द वापरणारा. त्याला आणि त्याच्या बायकोला सभासद करून घेतलं. पाचवा एका गेस्ट हाऊसमधला आचारी, नगरचा. पाच. काकांनी आम्हा चौघांकडून लेखी होकार घेतले. हवालदाराने सहीखाली 'जय हिंद' लिहिलं.

चंपाषष्ठीला हवा अशी धुरकट होती की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून देऊळ दिसत नव्हतं. मी दहालाच पोचले. खालाच्या शेगडीवर वांगी भाजत ठेवली होती आणि ती पदराने धूर वारत काकांना ओरडत होती, "मुंशीजी, पलटूँ कि नहीं? बोलो तो!" हवालदाराच्या बायकोने बाजरीचे रोडगे करून आणले होते. सगळं कसं सणासारखं चाललं होतं.

अकरा वाजता आचाऱ्याचा फोन आला. अचानक कुणी मोठे पाहुणे उतरले होते, चाळीस माणसांचं जेवण होतं. तो फोनवर रडायच्या बेताला आला होता. काका त्याला म्हणाले, "अरे असू दे, असू दे. तू मीठ नीट घाल." आणि फोन ठेवून भिंतीला टेकले.

सव्वाअकराला अध्यक्ष आले. राखाडी कोट, हातात फाइल. पायऱ्यांपाशी बूट काढले, देवाला नमस्कार केला आणि बाजूला हात मागे बांधून उभे राहिले.

"किती झाले?"

"चार," काका म्हणाले.

"मी बारापर्यंत थांबतो." त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

काकांनी फोनवर फोन लावले. कुणी जयपूरला होतं, कुणी कोर्टात, कुणाचा मुलगा आजारी. खाला मधेच म्हणाली, "मेरे दोनों लड़के खड़े हैं, पकड़वा लो ना!"

"आपा, आज नहीं. आज क़ायदा दूसरा है."

खालाने अध्यक्षांकडे जो कटाक्ष टाकला, त्याने वांगी शेगडीशिवाय भाजली असती.

पावणेबाराला काकांनी फोन खिशात टाकला. मला वाटलं, संपलं. ते शांतपणे म्हणाले, "चला, मांडून तर ठेवू. साहेबांसमोर ताट रिकामं नको."

त्यांनी ताम्हण घेतलं आणि तसंच फरशीवर ठेवलं. मी चमकले. तळीखाली रुमाल नाहीतर पान ठेवल्याशिवाय ती जमिनीवर टेकवायची नाही, हे त्यांनीच मला तीन वर्षं बजावलं होतं. मग त्यांनी खोबऱ्याच्या वाट्या ठेवल्या, त्याही पालथ्या. भंडारा वाट्यांत भरायचा तो बाहेर सांडला. माणूस खचला की हात कसे चुकतात, असं मनात येऊन मला भरून आलं.

"खाली काही ठेवलं नाही तुम्ही," मागून अध्यक्ष म्हणाले.

काकांना ऐकू आलं नाही.

"अहो, तळीखाली पान ठेवतात."

"असं का?" काका म्हणाले, आणि पान ताम्हणाच्या शेजारी ठेवलं.

अध्यक्ष दोन पावलं पुढे आले. "शेजारी नाही, खाली. आणि वाट्या पालथ्या कुठे असतात? त्यात भंडारा भरायचा असतो."

"तुमच्याकडे भरतात वाटतं," काका अगदी भोळेपणाने म्हणाले. "चला रे, आपण चौघं सराव म्हणून धरू." आम्ही चौघांनी ताम्हण धरलं. काकांनी ते कमरेपर्यंत उचललं आणि तिथेच थांबवलं. "येळकोट," ते पुटपुटले. रेशनच्या रांगेत नंबर विचारावा इतक्या बारीक आवाजात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हवालदाराकडे पाहिलं. तो देवाकडे बघत होता आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"अहो वर! कपाळापर्यंत!" अध्यक्षांच्या हातातली फाइल पायरीवर पडली होती. "आधी 'सदानंदाचा' म्हणायचं! आणि तीनदा! काय चाललंय हे? देवापुढे असं करतात?"

"हाताला वजन पेलत नाही हो आता," काका म्हणाले आणि त्यांच्या बाजूचं ताम्हण चांगलं हातभर खाली झुकलं. खोबऱ्याच्या वाट्या घरंगळायला लागल्या.

अध्यक्षांनी झेप घेऊन दोन्ही हातांनी ताम्हण धरलं. "सरळ धरा! असं! वाटी उताणी करा कुणीतरी. भरा. हं. आता उचला!"

काकांचं हाताचं दुखणं त्याच क्षणी बरं झालं. त्यांनी छाती भरून आरोळी दिली, "सदानंदाचा!"

"येळकोट!" अध्यक्षांच्या तोंडून असा आवाज निघाला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ताम्हण कपाळाला लागलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा खालाच्या मुलांनी, पलीकडच्या बांधणीवाल्यांनी, गच्चीवरच्या बायकांनीसुद्धा येळकोट म्हटलं. इतकी वर्षं ऐकून सगळ्या गल्लीला ते पाठ होतं. काकांनी मूठभर भंडारा उधळला, आणि राखाडी कोट राखाडी राहिला नाही.

ताम्हण पानावर टेकलं.  मग हवालदाराने बोट फिरवत मोजलं आणि आपल्या चार शब्दांतले तीन खर्च केले. "पाच झाले, साहेब."

अध्यक्षांनी स्वतःच्या पिवळ्या तळहातांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. बाराला सहा मिनिटं होती.  

"मी सभासद आहे," ते सावकाश म्हणाले. "आजीव." मग फाइल उचलून काखेत मारली. "देव इथेच राहतील. हॉलमध्ये आपण फोटो लावू."

काका देवळात गेले, देवापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी खालानेच हाक मारली, "मुंशीजी, बैंगन ठंडा हो रहा है." आम्ही सगळे पायऱ्यांवर बसून भरीत-रोडगा जेवलो. काकांनी पाच महिन्यांचं वांगं एका बैठकीत वसूल केलं. अध्यक्षांनी दोनदा भरीत मागून घेतलं आणि खालाला म्हणाले, "बहुत उम्दा है, आपा." ती म्हणाली, "आते रहो, तो मिलता रहेगा."

काका आता गावी असतात. रविवारची पूजा मी करते, आणि दुपारी त्यांचा फोन येतो, साहेबांची तब्येत कशी आहे, आपाचा गुडघा कसा आहे, या क्रमाने. मागे एकदा मी धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी मुद्दाम चुकवलंत ना?" तर म्हणाले, "पोरी, मराठी माणसासमोर तू काहीही चुकीचं करून बघ. तो भूक-तहान विसरेल, पण दुरुस्त केल्याशिवाय जायचा नाही." आणि स्वतःवरच खूश होऊन खोकला येईपर्यंत हसले.

त्यांना अजून वाटतं की अध्यक्ष फसले. मी तसंच वाटू दिलंय. कारण त्या दिवशी गाडी उभी केली होती तिथपर्यंत अध्यक्षांनी मला ई-रिक्षातून बरोबर नेलं. गल्ली मागे पडेपर्यंत फाइल चाळत बसले. मग म्हणाले, "काकांनी मुद्दाम चुकवलं."

मला खोटं बोलता आलं नाही. "हो, सर."

"मला कळलं होतं. पान राहिलं तेव्हा नाही. वाट्या पालथ्या ठेवल्या तेव्हा कळलं. इतकं कुणी चुकत नाही."

"मग हात का घातलात?"

ते बाहेर बघत राहिले. "आमच्या घरची तळी ज्या वर्षी बंद पडली, त्या वर्षी गावात वडील धरून चौघं जण दिवसभर थांबले होते. पाचवा मी होतो. मी कळवलं की रेल्वेचं तिकीट मिळालं नाही." त्यांनी हाताचा भंडारा कोटाला पुसायला घेतला आणि तसाच राहू दिला. "काढायला गेलोच नव्हतो."

 रिक्षा गर्दीत थांबली होती. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. साहेबाचं कपाळ पिवळं, कोट पिवळा, माझे केस पिवळे. त्याने हसून विचारलं, "साहब, हल्दी से आ रहे हो? शादी है?"

अध्यक्षांनी डोळे पुसले. पुसताना गालही पिवळे झाले.

"हाँ भाई," ते म्हणाले, "लड़केवालों की तरफ़ से हैं."